कॉलेजात विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभं राहण्याचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला हे प्रश्न दोन प्रकारचे लोक विचारतात. एक, मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकणारी मुलं-मुली. दुसरे, दहा-पंधरा वर्षं शिकवून झालेले प्राध्यापक. वर्गाबाहेर विद्यार्थ्यांसाठी काहीतरी करावं, असं त्यांना मनापासून वाटत असतं. मी स्वतः आधी शिकवत होते, नंतर विद्यार्थी साहाय्य कक्षात आले. इथली उत्तरं महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी संलग्न असलेली साधी पदवी महाविद्यालयं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, कारण मला तीच आतून माहीत आहेत.

हे काम नेमकं असतं तरी काय?

जुलै-ऑगस्टमध्ये कक्षाच्या दारात एखादी मुलगी उभी राहते आणि विचारते, "मॅडम, बोनाफाईड कुठे मिळतं?" तुम्ही सांगता, खिडकी क्रमांक अमुक. दोन दिवसांनी ती परत येते, "मॅडम, मायनर विषय बदलता येतो का?" आठवड्याने पुन्हा, "हॉस्टेलची यादी लागली का?" तिसऱ्या वेळी तुम्ही खुर्ची पुढे सरकवून "बस जरा" म्हणालात, तर कळतं की घरी तिच्या लग्नाचं चाललंय, आणि हॉस्टेल मिळालं नाही तर शिक्षण थांबणार आहे.

बहुतेक मुलं आपली अडचण सांगायला म्हणून येत नाहीत. हातात एखादा कागद असतो, त्याचं निमित्त करून येतात. त्या कागदाचं काम चोख करून देणं आणि ते करता करता कागदामागचं माणूस ओळखणं, या दोन्ही गोष्टी मिळून हे काम होतं. विषयनिवड, क्रेडिटचा हिशेब, केटी (म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले विषय), शिष्यवृत्ती, वसतिगृह, तक्रारी, पुढच्या शिक्षणाची दिशा आणि मन थाऱ्यावर नसणं हे सगळं एकाच टेबलावर येतं, आणि बऱ्याचदा एकाच मुलाचं येतं.

आपल्याकडे हे काम नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू केलं. शिकवणं पुरत नाही, मुलाच्या राहण्याजेवणाची आणि टिकून राहण्याची सोय लावावी लागते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आज अनेक महाविद्यालयांत 'कमवा व शिका' योजना चालते, तिचं मूळ तिथेच आहे.

म्हणजे समुपदेशकच ना?

पूर्णपणे नाही. समुपदेशक मनाच्या अडचणींवर प्रशिक्षित पद्धतीने काम करतो. शैक्षणिक सल्लागाराचं काम अभ्यासक्रम, नियम आणि निर्णय यांच्याभोवती फिरतं. छोट्या कॉलेजात दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर येतात, हे खरं. तरीही आपण कोणत्या क्षणी कोणती टोपी घातली आहे, हे स्वतःला स्पष्ट असायला हवं. क्रेडिट मोजायला बसलेला माणूस अर्ध्या तासात कुणाच्या नैराश्यावर 'उपचार' करू लागला, तर ते धोक्याचं आहे. आणि रुग्णालयात नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट जे काम करतो, ते तर याहून आणखी वेगळं. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते.

महाराष्ट्रात असं पद खरंच असतं का?

या नावाने फार कमी ठिकाणी असतं. कामं मात्र सगळीकडे आहेत आणि ती वेगवेगळ्या माणसांत वाटली गेली आहेत. प्रत्येक कॉलेजात एक विद्यार्थी विकास अधिकारी असतो. तो बहुधा प्राध्यापकच असतो आणि त्याच्याकडे हा अधिकचा कार्यभार असतो. विद्यापीठ पातळीवर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यार्थी विकास मंडळ असतं. याशिवाय मेंटॉर किंवा शिक्षक-पालक म्हणून प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला काही मुलं येतात. वसतिगृहाचे रेक्टर, प्लेसमेंट ऑफिसर, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी हेही आपापल्या परीने हेच काम करत असतात. स्वतंत्र पूर्णवेळ पदं जास्त करून खासगी आणि अभिमत विद्यापीठांत, मोठ्या अभियांत्रिकी व व्यवस्थापन संस्थांत आणि आयआयटीसारख्या ठिकाणी दिसतात. जाहिरातीत 'स्टुडंट काउन्सेलर', 'स्टुडंट सक्सेस', 'स्टुडंट अफेअर्स' अशी नावं असतात. 'ॲडमिशन काउन्सेलर' हे नाव दिसलं, तर मुलाखतीत नीट विचारून घ्या. बऱ्याचदा ते प्रवेश भरून आणण्याचं, म्हणजे विक्रीचं काम असतं. ते करायला हरकत नाही, पण ते हे काम नव्हे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातल्या शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा जोडून घ्यावा, असं त्यात म्हटलं आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवायचे आहेत. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा. मुलाखतीला जाताना तो तुम्हाला ठाऊक असणं आणि संस्थेला ठाऊक नसणं, असंही घडू शकतं.

कोणतं शिक्षण घ्यावं?

तीन वाटा सरळ आहेत. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी., शक्यतो समुपदेशन मानसशास्त्रात. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. नाहीतर कोणत्याही विषयात पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, म्हणजे प्राध्यापक म्हणून शिरून मग या कामाकडे वळणं. समाजकार्यासाठी मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था (१९३६ पासून) आणि निर्मला निकेतन (१९५५ पासून), पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था (१९६३ पासून) या जुन्या आणि जाणत्या जागा आहेत. समुपदेशनाचे पदविका अभ्यासक्रम खूप निघाले आहेत. निवडताना एकच गोष्ट पाहा: प्रत्यक्ष माणसांसोबत, कुणा अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली किती तास काम करायला मिळतं? त्याचं उत्तर गुळमुळीत मिळालं, तर तिथे पैसे घालू नका.

माझं मत विचाराल तर कॉलेजातल्या कामासाठी एम.एस.डब्ल्यू. झालेली माणसं फार उपयोगी पडतात. तहसील कार्यालय, समाजकल्याण विभाग, पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना या जागांची त्यांना धास्ती नसते. आपल्या मुलांच्या निम्म्या अडचणी त्याच रस्त्यावरून जातात.

मी मानसशास्त्र शिकलो नाही, पण मुलांशी माझं छान जमतं. एवढं पुरेल का?

जमणं ही सुरुवात आहे. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगेन, कारण ती मला चुकीतून कळली. पहिल्याच वर्षी एक मुलगा निकाल घेऊन आला होता. रडवेला झाला होता. मी त्याला पाणी दिलं, तासभर ऐकून घेतलं, धीर दिला आणि म्हटलं, "सोमवारी ये, उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीच्या अर्जाचं बघू." मुदत शनिवारी संपली. त्याला पेपर पुन्हा तपासून घेता आला नाही आणि पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावं लागलं. तो मला एक शब्दही बोलला नाही. त्या तासाभरात मी दोन मिनिटं काढून विद्यापीठाचं परिपत्रक उघडलं असतं, तर त्याचे कितीतरी महिने वाचले असते.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला मी आधी नियम वाचायला लावते. माया असतेच, ती शिकवावी लागत नाही. प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत मिळते, किती केटींवर पुढच्या वर्षात जाता येतं, उपस्थिती कमी पडली तर टर्म ग्रँट होण्यासाठी, म्हणजे सत्र ग्राह्य धरलं जाण्यासाठी, कुणाकडे अर्ज करायचा, इंटर्नलला गैरहजर लागलं तर पुन्हा संधी असते का, हे तोंडपाठ हवं. निदान कुठे शोधायचं हे तरी माहीत हवं. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात आणि ते बदलत राहतात. त्यामुळे 'आमच्या वेळी असं होतं' हे वाक्य या टेबलावर चालत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे या कामात काय बदललं?

खूप बदललं, आणि या कामाची गरज खरी तर आत्ता निर्माण झाली आहे. पूर्वी बी.ए.ला आलेल्या मुलाने तीन विषय निवडले की तीन वर्षं निघून जायची. आता राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू आहे. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय), कौशल्य अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट असे तुकडे जोडून पदवी बनते. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स अशी बाहेर पडण्याची दारं आहेत. साधारण हिशेब असा: पहिल्या वर्षअखेरीस ४० ते ४४ क्रेडिट, दुसऱ्याअखेरीस ८० ते ८८, तिसऱ्याअखेरीस १२० ते १३२ आणि चौथ्याअखेरीस १६० ते १७६. एक थिअरी क्रेडिट म्हणजे पंधरा तास शिकवणं.

हे सगळं सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने प्रवेशाच्या रांगेत उभं राहून पाच मिनिटांत ठरवायचं, अशी आपण अपेक्षा करतो. मग काय होतं? मित्राने घेतलं म्हणून तोच मायनर घेतला जातो. ओपन इलेक्टिव्हमध्ये ज्याची तुकडी शेवटी भरते तो विषय गळ्यात पडतो. तिसऱ्या वर्षी स्पर्धा परीक्षेचा किंवा एम.एस्सी.चा विचार सुरू झाल्यावर लक्षात येतं की हवा तो विषय पुरेशा क्रेडिटचा झालेलाच नाही. मायनर निवडताना मी मुलांना एकच विचारते, "पदवीनंतरच्या वर्षी तू सकाळी उठून कुठे जाशील असं तुला वाटतं?" उत्तर येत नाही, पण दोन दिवसांनी मूल स्वतःहून परत येतं.

बाहेर पडण्याच्या दाराबद्दल मात्र सावध राहून बोला. एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबायचं असेल, तर कौशल्याचे किंवा इंटर्नशिपचे जादा चार क्रेडिट करावे लागतात. आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. कागदावर हे छान दिसतं. पण घरी पैशांची ओढ असलेली मुलगी एकदा बाहेर पडली की ती परत येईल याची हमी कोणतंही परिपत्रक देत नाही. तिच्यासमोर दार दाखवण्याआधी शिष्यवृत्ती, कमवा व शिका, हप्त्याने फी हे सगळं तपासून झालेलं असावं. आणि खरंच जायचं असेल, तर तिचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडलेलं आहे आणि क्रेडिट त्यात जमा झालेत, हे तिच्यासोबत बसून बघा.

शिष्यवृत्तीचे अर्ज तर कारकून बघतात. त्यात सल्लागाराने का पडावं?

कारण गळती तिथे होते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलेला असतो, किंवा त्रुटी काढून परत पाठवलेला असतो आणि मुलाने महिनाभर पोर्टल उघडलेलंच नसतं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा असतो. नॉन-क्रीमीलेयर संपलेलं असतं. जातवैधता समितीकडे प्रकरण पडून असतं. यातलं प्रत्येक कारण क्षुल्लक आहे आणि प्रत्येकाने कुणाचं तरी वर्ष थांबवलेलं मी पाहिलं आहे.

तुम्हाला सगळ्या योजना पाठ असायला हव्यात असं नाही, पण नकाशा डोक्यात हवा. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे माहीत नसल्यामुळे 'फी परवडणार नाही' म्हणून बी.फार्म.ऐवजी दुसरीकडे गेलेल्या मुली आजही भेटतात. फार वाईट वाटतं.

कारकूनदादांशी, कार्यालयातल्या ताईंशी चांगले संबंध ठेवा. त्यांना पोर्टलच्या ज्या खाचाखोचा कळतात, त्या प्राचार्यांनाही कळत नाहीत. मी हे काम ज्यांच्याकडून शिकले, त्या शिष्यवृत्ती विभागातच बसत.

केटी लागलेला विद्यार्थी समोर बसला आहे. सुरुवात कुठून करू?

गुणपत्रिकेपासून. "अभ्यास का केला नाहीस?" हा प्रश्न घरी विचारून झालेला असतो. आधी दोघं मिळून कागद वाचा. कोणत्या सेमिस्टरचे किती क्रेडिट अडकले? लेखी परीक्षेत गेलं की इंटर्नलमध्ये? इंटर्नलचे गुण शून्य दिसत असतील, तर विभागात जाऊन विचारा. गुण भरायचे राहून गेल्याचं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत आजच बघा. पुढच्या वर्षात जाता येतं की वर्ष डाऊन होतं, हे नियमाचं पान उघडून त्याला दाखवा, तोंडी सांगू नका. घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं आठवत नाही.

हे झालं की मूल जरा खुर्चीत मागे टेकतं. मग विचारा, "तुझा दिवस कसा जातो, सांग. उठल्यापासून."

एकदा वाणिज्य शाखेचा एक मुलगा आला होता, चार केटी. हुशार होता, बोलण्यावरून कळत होतं. दिवस विचारला तर म्हणाला, रात्री दोनला मार्केट यार्डात गाड्या येतात, भाजी उतरवायला जातो, सातला खोलीवर येतो. कॉलेज साडेसातला. पहिली दोन लेक्चरं रोज जायची, आणि अडकलेल्या चारपैकी तीन विषय नेमके त्या वेळचे होते. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. अर्ज करून त्याची तुकडी दुपारची करून घेतली, ग्रंथालयात कमवा व शिकाचं काम मिळालं आणि त्याने यार्डातल्या रात्री निम्म्या केल्या. पुढच्या दोन परीक्षांत तीन विषय सुटले. चौथा सांख्यिकीचा होता, तो खरंच अवघड जात होता, त्याला वेळ लागला.

प्रत्येक वेळी असं सरळ कारण हाती लागत नाही. कधी विषयच चुकीचा निवडलेला असतो. कधी मोबाईल, कधी प्रेमभंग, कधी वडिलांचं दारू पिणं. कधी वाचलेलं अक्षरच नीट लागत नाही आणि बारावीपर्यंत ते कुणाच्या ध्यानात आलेलं नसतं. पण 'दिवस सांग' या प्रश्नापासून सुरुवात केली, तर मुलं खोटं कमी बोलतात, हा माझा अनुभव आहे.

एखादं मूल जिवाचं बरंवाईट करण्याविषयी बोललं तर?

थेट विचारा. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. त्याला एकटं सोडू नका. त्या दिवशी तुमचं दुसरं काम थांबलं तरी चालेल. घरातलं किंवा मित्रांमधलं विश्वासाचं माणूस बोलावून घ्या, मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत स्वतः सोबत जा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावलेला असावा.

'पोलीस केस होईल' या भीतीने पालक आणि कधी कधी संस्थाही गोष्ट दडपतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. पालकांना हे शांतपणे समजावून सांगा.

आणि हे काम एकट्याने कधीही पेलू नका. एका प्रशिक्षित समुपदेशकाचा आणि जवळच्या रुग्णालयातल्या एका मानसोपचारतज्ज्ञाचा फोन नंबर तुमच्याकडे पहिल्याच आठवड्यात असायला हवा.

मुलांनी सांगितलेलं पालकांना सांगायचं का?

सर्वसाधारणपणे नाही. अठरा पूर्ण झालेली मुलगी कुणासोबत फिरते, कोणता विषय सोडते, कशामुळे रडते, हे तिच्या परवानगीशिवाय घरी पोहोचवणं योग्य नाही. आपल्याकडे गावाहून वडील येतात, समोर हात जोडतात, "मॅडम, तुम्हीच सांगा काय चाललंय तिचं," आणि मन विरघळतं. अशा वेळी मी म्हणते, "काका, तिला बोलावते, तिच्यासमोरच बोलू."

अपवाद आहेत. जिवाला धोका असेल तर गुप्तता मागे पडते. मूल अठराच्या आतलं असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट समोर आली, तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अकरावी-बारावी आणि पहिल्या वर्षाची काही मुलं या वयात असतात, हे विसरू नका. रॅगिंगची तक्रार असेल, तर समिती आहे आणि १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांकही आहे. हे अपवाद मुलांना बोलणं सुरू होण्याआधीच सांगून ठेवा. मध्येच सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं.

खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळं काय करावं लागतं?

त्यांच्या घरी कॉलेजची भाषा कुणाला येत नाही. 'एचओडी', 'टर्मवर्क', 'सबमिशन', 'व्हायवा' हे शब्द शहरातल्या मुलांना आपोआप कळतात. या मुलांना ते विचारायची लाज वाटते, म्हणून ती गप्प राहतात आणि गप्प राहिली की ती 'इंटरेस्ट नसलेली' ठरतात. पहिल्या महिन्यात हे शब्द मराठीतून उलगडून सांगणारं दोन पानी टिपण आम्ही वाटतो. साधं काम आहे, पण त्यानंतर कक्षात येणाऱ्या मुलांची संख्या वाढली.

आणि त्यांच्याशी मराठीत बोला. त्यांच्या मराठीत. एखादा मुलगा अहिराणी किंवा वऱ्हाडी वळणाने बोलला, तर ते सुधारायला जाऊ नका. इंग्रजीतला ईमेल लिहायला नक्की शिकवा, पण आधी त्याचं म्हणणं त्याच्या भाषेत पूर्ण होऊ द्या.

दिव्यांग विद्यार्थ्यांबाबत काय माहीत हवं?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमताही येते. उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. यासाठीचा अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी येऊन उपयोग नाही, म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीलाच वर्गावर्गांत जाऊन विचारायचं, आणि सगळ्यांसमोर हात वर करायला लावायचं नाही.

पगार किती मिळतो?

अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ सहायक प्राध्यापक असाल, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं आणि विद्यार्थी विकासाचं काम त्याच पगारात होतं. नुसत्या समुपदेशकाची पदं बहुतेक कंत्राटी, अर्धवेळ किंवा 'आठवड्यातून दोन दिवस' या स्वरूपाची असतात आणि मोबदला कमी असतो. हे अन्यायाचं आहे, आणि ते मोठ्याने म्हटलं पाहिजे. दोन हजार मुलांच्या कॉलेजात आठवड्याला सहा तास बसणारी एक समुपदेशक ठेवून 'आमच्याकडे सोय आहे' म्हणता येत नाही. करार करताना कामाचे तास, बसायला दार बंद होणारी खोली आणि नोंदी कुलूपबंद ठेवायला कपाट, या तीन गोष्टी लेखी मागा.

नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, मेंटॉरच्या डायऱ्या भरायच्या, एवढंच तर असतं ना?

काही ठिकाणी तसं होतं. समिती येण्याआधी एका रात्रीत तीन वर्षांच्या भेटींच्या नोंदी लिहिल्या जाताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यात मुलांच्या अडचणीही कल्पनेने लिहिलेल्या. नॅकच्या निकषांत विद्यार्थी साहाय्याला स्वतंत्र स्थान आहे, ते चांगल्या हेतूने आहे. तुम्ही नवीन असाल तर सगळं बदलू शकणार नाही. आपल्या वाट्याच्या वीस-पंचवीस मुलांच्या नोंदी खऱ्या ठेवा, त्याच दिवशी, तीन-चार ओळींत.

परदेशात या क्षेत्रात काम मिळतं का?

अमेरिकेत शैक्षणिक सल्लागार हा स्वतंत्र पेशा आहे. तिथे १९७९ मध्ये स्थापन झालेली नाकाडा ही त्यांची संघटना आहे, आणि बहुतेक विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थ्याला नेमून दिलेला सल्लागार असतो. तिथे शिकायला गेलेली मराठी मुलं सांगतात की पहिल्या सेमिस्टरला त्या सल्लागाराकडे जायला त्यांना संकोच वाटायचा, कारण 'काहीतरी चुकल्याशिवाय ऑफिसात जायचं नसतं' हे इथून घेऊन गेलेलं. तिकडे जाणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. काम म्हणून विचार करत असाल, तर उच्च शिक्षण प्रशासन किंवा समुपदेशन यातली तिथली मास्टर्स पदवी उपयोगी पडते.

हे काम करताना स्वतःला कसं सांभाळायचं?

घरी जाताना एखाद्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही, असे दिवस येतात. मला मदत झाली ती दर पंधरवड्याला एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंशी, नावं न घेता, झालेल्या कामाबद्दल बोलल्याने. व्यवसायात त्याला सुपरव्हिजन म्हणतात. ते संस्थेने पुरवलं नाही तरी आपण शोधावं. रात्री अकरानंतर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲपला उत्तर द्यायचं की नाही, हे आधी ठरवा आणि मुलांना सांगा. तातडीसाठी कुणाला फोन करायचा, तेही त्याच संदेशात लिहा.

उद्यापासून रुजू होतोय. पहिल्या महिन्यात काय करू?

विद्यापीठाचे परीक्षा नियम छापून घ्या आणि अंडरलाइन करत वाचा. कार्यालयातल्या प्रत्येक खिडकीवर जाऊन नाव विचारा, चहा घ्या. वसतिगृहाचं जेवण एकदा तिथे बसून जेवा. एसटी स्टँडवरून कॉलेजकडे येणारी पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता असते ते बघून ठेवा, कारण पंचवीस किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीची उपस्थिती त्या गाडीवर ठरते. फी, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, फोटोकॉपी यांच्या तारखांचा एक मोठा तक्ता करून दाराबाहेर लावा, आत नाही. त्यामुळे कक्ष बंद असला तरी तो वाचता येतो. तक्त्यापाशी एखादं मूल नेहमीपेक्षा जास्त वेळ उभं दिसलं, तर बाहेर या आणि त्याला विचारा, "कोणती तारीख शोधतोयस?"